पॅरामॅटाजवळचं स्थळ

विशाखाताई रणपिसेंनी माझं लग्न जमवलं, त्यामुळे त्यांच्याविषयी तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही. केतकीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर मुळीच नाही. आमचं भांडण झालं की ती मागच्या अंगणात जाऊन वर तोंड करून ओरडायची, "ताई, तुमचा माल परत घ्या!" वरच्या बाल्कनीतून उत्तर यायचं, "एक्सचेंज नाही, रिफंड नाही. चहाला या." आता वरच्या घरात दुसरे भाडेकरू आहेत. केतकी कधी कधी सवयीने अजूनही वर बघते आणि ते बिचारे घाबरून आत जातात.

सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधली आमची विटांची दुमजली इमारत. त्या वर, आम्ही खाली. मूळच्या ठाण्याच्या. इथे पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात काउंटरवर बसून निम्मं आयुष्य काढलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पर्थला. करोना यायच्या थोडंच आधी त्या रिटायर झाल्या होत्या. लग्नं जमवणं हा त्यांचा धंदा नव्हता, कारण पैसे घेत नसत. छंद म्हटलेलंही आवडत नसे. "सवय आहे रे," म्हणायच्या. "काउंटरवर बसून बसून समोरच्याला नक्की काय हवंय हे त्याच्याआधी कळायला लागतं, तसं."

त्यांची पद्धत जगावेगळी होती. कुठलाही बायोडाटा त्या खालून वर वाचायच्या. वर घराणं, उंची, पगार, ते सगळं शेवटी. "माणूस तळाशी सापडतो," त्या म्हणायच्या. "छंद आणि अपेक्षा, या दोन ओळीत. ‘अपेक्षा काही नाही’ असं लिहिणारा सगळ्यात महागात पडतो." दुसरा नियम असा, की जे पहिलं लिहिलंय त्याची काळजी करायची आणि जे लिहिलंच नाही त्याची चौकशी करायची. माझ्या बायोडाटात पहिली ओळ ‘अत्यंत शांत स्वभाव’ अशी होती. ताईंनी केतकीला फोन करून सांगितलं होतं, "मुलगा तापट आहे, पण त्याला ते माहीत आहे. बघ बाई." केतकीने बघितलं.

‘गोरी’ हा शब्द त्या खोडायच्या. ‘होमली’ खोडायच्या. पत्रिका मागितली तर म्हणायच्या, "आमच्यात बघत नाहीत. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ती कटकट मिटवली." एकदा एका मुलीच्या वडिलांनी फोनवर आडून आडून पोटजात विचारली. ताईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "रक्तगट सांगू का? तो निदान कधी उपयोगी तरी पडतो." त्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला नाही. ताईंनी मात्र त्या मुलीचं लग्न जमवलं, वडिलांना वळसा घालून.

त्यांची स्वतःची एक गोष्ट होती. ती नव्या प्रत्येक जोडप्याला ऐकवली जायची. एकोणीस वर्षांच्या असताना ठाण्याच्या घरी पाहुणे बघायला आले. पोहे झाले, प्रश्न झाले. मग मुलाची आत्या म्हणाली, "मुलगी जरा चालून दाखवू दे." पायात काही दोष तर नाही ना, हे बघायची ती रीत होती. विशाखाताई उठल्या, दारापर्यंत चालल्या, चपला घातल्या आणि चालतच राहिल्या. थेट मैत्रिणीच्या घरी. तिथे जेवल्या. "मग त्यांच्याकडून नकार आला," त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "आणि तो आम्ही मोठ्या मनाने मान्य केला." नंतर ज्यांच्याशी लग्न झालं, त्या रणपिसेंनी चालायला सांगितलं नव्हतं, एवढं सांगून गोष्ट संपायची.

मग करोना आला आणि लग्नंच थांबली. नवरे मेलबर्नमध्ये अडकले, नवऱ्या नागपुरात. ताईंच्या फोनला विश्रांती मिळाली आणि ताईंना ती सोसेना. तेव्हा त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. इंग्रज इथे वसाहत करून राहिले तेव्हा पुरुष उदंड आणि बायका थोड्या. मग यांची लग्नं जमवायचं कोण? जुनी वर्तमानपत्रं आता कॉम्प्युटरवर वाचायला मिळतात, हे त्यांना लायब्ररीतल्या कुणीतरी शिकवलं होतं. चांगलं घराणं, रूप, स्वभाव, असे आपल्याला पाठ असलेले शब्द इंग्रजीत घालून त्या शोधायला बसल्या.

दोनच दिवसांनी बाल्कनीतून हाक आली. आम्ही दोघं घरूनच काम करत होतो. चहाचे कप घेऊन अंगणात आलो. ताई आयपॅड हातात धरून उभ्या होत्या, चष्मा कपाळावर.

"अरे, सापडलं! काय मोकळी माणसं होती रे तेव्हाची. ऐका. वरचा भाग फाटलाय, नाव नाही दिसत. ‘उंच, भारदस्त. रंग गडद तपकिरी.’ बघ केतकी, गोऱ्यांच्यात तपकिरी! ‘इंग्लंडहून नुकतंच आगमन. घराणं सर्वांना माहीत असल्याने विस्तार करत नाही.’"

"म्हणजे काहीतरी गडबड आहे घराण्यात," केतकी म्हणाली. ती तोवर ताईंच्या तालमीत तयार झाली होती.

"शाब्बास. ‘स्वभाव शांत. पाय निर्दोष.’ आता बघ हं, पायांबद्दल कुणीतरी काहीतरी बोललेलं असणार, नाहीतर असं कोण लिहितं? ‘हा सीझनभर मुक्काम पॅरामॅटाजवळ.’"

"पण मुलगा करतो काय?" मी विचारलं.

"थांब, खाली असेल. ‘उत्तम कुरण उपलब्ध. फी आगाऊ भरावी, दर... दर घोडीमागे...’"

ताई थांबल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला. मग बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अगं बाई. घोडा आहे."

त्या दिवशी केतकीला दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवावा लागला, इतकी ती हसत होती.

दुसऱ्या कुणी तो नाद तिथेच सोडला असता. ताईंनी तो धरला. पुढच्या आठवडाभरात त्यांनी त्या घोड्यांची सगळी रीत शोधून काढली. विलायतेहून जहाजाने उत्तम घोडे आणायचे, वसंत ऋतू आला की वर्तमानपत्रात त्यांची जाहिरात द्यायची, मग आसपासचे लोक आपापल्या घोड्या घेऊन येणार. काही घोडे तर गावोगाव फिरायचे. मोतद्दार लगाम धरून पायी चालणार, आज या गावच्या खाणावळीच्या अंगणात, उद्या त्या. जाहिरातीत आई, बाप, आजा, पणजा, मातुल घराणं, सगळं यथासांग. आणि बहुतेक जाहिरातींच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य: काळजी पूर्ण घेतली जाईल, जबाबदारी घेतली जाणार नाही.

हे वाक्य ताईंना फारच आवडलं. "हे आपल्या वधूवर मंडळांनी छापून भिंतीवर लावायला हवं," त्या म्हणाल्या.

मी एकदा बोलता बोलता ‘जातिवंत घोडा’ म्हणालो. ताईंनी वरून बोट दाखवलं. "थरोब्रेड म्हण. तो शब्द माझ्या बाल्कनीखाली नको." आवाजात राग नव्हता, पण मी पुन्हा तो शब्द वापरला नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घोड्याच्या खापरपणज्याचं नाव छापलंय बघ. माझ्या खापरपणज्याचं कुणाला ठाऊक आहे? आणि लगाम धरून जो एवढा चालला, त्याचं तर आडनावही नाही."

मग रोज आर्व्होला, म्हणजे इथल्या दुपारी, साडेतीन-चारच्या सुमाराला, बाल्कनीत घोडावाचन सुरू झालं. आम्ही खाली खुर्च्या टाकून बसायचो. ताई वाचायच्या आणि निदान करायच्या. ‘फार थोड्या घोड्या स्वीकारल्या जातील’ म्हणजे कुणी आलेलं नाही. ‘मालक वसाहत सोडून जात असल्याने’ म्हणजे कर्ज. ‘लहान मूलही हाताळू शकेल’ म्हणजे कुणाला तरी चावलेला आहे आणि गावभर झालेलं आहे. मला वाटतं, त्या बंद दिवसांत आम्हाला बाहेरच्या जगाची एवढीच ताजी बातमी होती, आणि ती दीडएकशे वर्षं जुनी होती.

पहिल्या दिवशी मुलगा समजून वाचलेला तो तपकिरी घोडा ताईंचा लाडका. दुसऱ्या एका अंकात त्याचं नाव सापडलं, ‘गव्हर्नर्स प्राइड’. ताई नुसतंच ‘गव्हर्नर’ म्हणत. दर हंगामाची त्याची जाहिरात त्या शोधून काढायच्या. पहिल्या वर्षी ‘विस्तार करत नाही’ म्हणून झाल्यावर पुढच्याच अंकात अर्धा रकाना नुसती वंशावळ. दोन वर्षांनी मालक बदलला, गाव बदललं, वंशावळ आखडली. मग एक वर्ष तो दिसलाच नाही आणि ताई आठवडाभर अस्वस्थ. "बघ ना, कुठे गेला असेल? पायाचंच काहीतरी असणार." पुढे तो डोंगरापलीकडच्या एका गावी सापडला, तेव्हा त्यांनी आम्हाला वरून दोरीला पिशवी बांधून शिरा पाठवला. आता जाहिरातीत पूर्वजांची नावं नव्हतीच; त्याच्या शिंगरांची होती. "हे बरं झालं," ताई म्हणाल्या. "बाप कोण ते विचारायचं सोडून मुलं कशी निघाली ते विचारायला लागले लोक."

पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला निर्बंध सैल झाले तशी ताईंच्या फोनला पुन्हा जाग आली. त्यात कॅनबेराच्या गुंगालिनमधून एका मुलीचा मेसेज होता. तिला स्वतःसाठी काही नको होतं. वडिलांसाठी हवं होतं. दिनकर साळवे, वय चौसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त, पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. ताईंनी बायोडाटा नेहमीसारखा खालून वाचला. खाली लिहिलं होतं: ‘अपेक्षा: बरोबर बसून जेवणारी असावी. मी हळू जेवतो.’

ताईंनी तो वरपर्यंत वाचला नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

मग चौकशी सुरू झाली. साळव्यांना पहिला फोन दहा मिनिटांचा. दुसरा अर्ध्या तासाचा. तिसऱ्याच्या वेळी आमचा चहा थंड झाला आणि गव्हर्नर तसाच राहिला. साळवे बोलायलाही हळू होते; ताईंसारखी बाई समोरचं वाक्य संपायची वाट बघत गप्प बसलेली आम्ही पहिल्यांदाच ऐकली. केतकीला ताईंची यादी पाठ होती. साळव्यांना शोभतील अशा तिघी तरी तिच्यात होत्या, एक तर कॅनबेरातच. केतकीने विचारलं, "ताई, पाठवला का बायोडाटा?"

"चौकशी चालू आहे अजून."

महिन्याने पुन्हा विचारलं. चौकशी चालूच होती.

"ताई," केतकी म्हणाली, "तुम्हीच का नाही?"

ताईंनी कुंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली. आधीच घातलं होतं. "वाढप्याने पंगतीत आपलं पान मांडू नये," त्या म्हणाल्या. "लोक विश्वासाने आपल्या लेकी-सुना, आईबाप माझ्याकडे सोपवतात. त्यातलं एक बरं दिसलं म्हणून मी ठेवून घेतलं, तर उद्या मला कोण काय सांगेल? आणि या वयात." पर्थची लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "मम, जस्ट टेल हिम. नो वरीज." ताईंनी तिला विषय बदलून भेंडीचा भाव विचारला.

इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात सिडनी पुन्हा बंद झाली, पाठोपाठ कॅनबेराही. आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. अशात साळव्यांच्या मुलीचा मेसेज आला. फार अदबीने लिहिला होता. मावशी, तुमच्याकडे सध्या काही नसेल तर आम्ही दुसरीकडे नाव नोंदवू का? बाबा काही बोलत नाहीत, पण एकटे पडलेत. मला बघवत नाही.

तीन दिवस बाल्कनीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही घाबरलो. केतकीने जिन्यातून हाक मारली तेव्हा ताई मास्क लावून दारात आल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे गं. उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गव्हर्नरची जाहिरात वाचली. त्यांना सापडलेली ती शेवटची. अगदी छोटी होती. घोडा म्हातारा झाला आहे. एका डोळ्याने दिसत नाही. मागच्या पायाला जुनी दुखापत आहे. ज्यांना त्याची शिंगरं माहीत आहेत त्यांनी येऊन पाहावं. तो मालकाच्या घराजवळच्या कुरणात असतो. वंशावळीचा शब्द नाही, शांत स्वभावाचा नाही. ठरलेलं काळजी-जबाबदारीचं वाक्यही नव्हतं.

ताईंनी आयपॅड खाली ठेवला. "लपवलं नाही बघ काही," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी केवढं लिहिलं होतं, आणि मला त्यातलं काही पटलं नव्हतं. हा मात्र खरा वाटतो. ह्याला मी स्थळ दिलं असतं."

त्यांचे डोळे भरले होते. आमचेही. कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही तिघं घोड्यासाठी रडताहेत.

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता, ताई फोन घेऊन बाल्कनीत आल्या. आम्ही खाली दोरीवरचे कपडे काढत होतो. त्यांना आम्ही दिसत होतो. त्यांनी आम्हाला जा म्हटलं नाही. उलट केतकीकडे बघून, थांब अशी खूण केली.

"साळवे साहेब, विशाखा बोलतेय. एक स्थळ आहे. लिहून पाठवत नाही, वाचून दाखवते. खालून सुरू करते." घसा साफ केला. "अपेक्षा: माझं बोलणं मध्ये तोडू नये. छंद: लोकांची लग्नं, आणि जुने घोडे. दोष: डावा गुडघा दुखतो. रागावले की बोलणं बंद करते, आणि माझ्यासारखीचं बोलणं बंद झालं की घराला त्रास होतो. रंग सावळा. वय बासष्ट, काही कमी केलेलं नाही. वंशावळ..." इथे त्या जरा थांबल्या. "वंशावळ माझ्यापासून पुढे धरावी. एक मुलगी आहे, चांगली निघाली आहे. नाव विशाखा रणपिसे. आणि साळवे साहेब, काळजी पूर्ण घेतली जाईल. जबाबदारीसुद्धा."

 साळवे हळू बोलतात हे आम्हाला माहीत होतं, पण इतकं हळू कुणी बोलू नये. केतकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. ताई कठड्याला टेकून उभ्या होत्या. वाक्य संपायची वाट बघणारी ती बाई वाक्य सुरू व्हायचीच वाट बघत होती.

मग फोनमधून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. ताई खळखळून हसल्या.

"काय म्हणाले?" फोन ठेवल्या ठेवल्या केतकीने विचारलं.

"म्हणाले, सगळं लिहिलंत, मुक्काम कुठे ते राहिलं." त्यांनी डोळे पुसले. "म्हटलं, ते भेटल्यावर ठरवू."

भेटायला इथला वसंत सरत यावा लागला. रस्ते मोकळे झाले, तसे नोव्हेंबरातल्या एका शनिवारी साळवे गुंगालिनहून गाडी चालवत आले. आमच्या इमारतीच्या दारात जांभळ्या जकरंदाचा सडा पडला होता. ताईंनी नेसलेली निळी साडी केतकीने चार वेळा बदलायला लावून शेवटी पहिलीच ठरवली होती. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि तिथून हलेचनात. आयुष्यभर लोकांच्या भेटी ठरवलेल्या बाईला पुढची पायरी काय हे आठवत नव्हतं.

साळवे गाडीतून उतरले. शिडशिडीत, पांढरे केस, मास्क हनुवटीवर. त्यांनी वर बघून नमस्कार केला, "जय भीम." ताईंनीही केला. 

"चालून दाखवतो," साळवे म्हणाले.

ठाण्याची ती गोष्ट त्यांनी फोनवर ऐकली असणार. ते वळले आणि ड्राइव्हवेवरून गेटाजवळच्या पत्रपेट्यांपर्यंत चालत गेले. उजव्या पायात चांगलीच लंगड होती. ऑपरेशन झालेलं असावं. ती त्यांनी झाकायचा प्रयत्न केला नाही. पेट्यांना हात लावला आणि तसेच सावकाश परत आले. ताई अगदी बारकाईने बघत होत्या.

"हे पायाचं लिहिलं नव्हतंत," त्या वरून म्हणाल्या.

"नव्हतं," साळवे म्हणाले. "राहिलं."

ताई जिना उतरून खाली आल्या. पदर खोचला. "आता माझं बघा," म्हणाल्या, आणि चालायला लागल्या. डावा गुडघा जपत, फुलांच्या सड्यावरून, पत्रपेट्या ओलांडून, गेट उघडून सरळ बाहेर. केतकीने तोंडावर हात ठेवला. आम्हा दोघांनाही एकदम ठाण्याचं ते दार आठवलं होतं.

गेटाबाहेर फुटपाथवर ताई थांबल्या. मागे वळून बघितलं.

"चला की," त्या साळव्यांना म्हणाल्या. "हळू आलात तरी चालेल."